तीस जानेवारी १९४८: आठवण, साक्ष आणि पुरावा

राष्ट्रीय शोकांतिकेच्या वैयक्तिक आठवणींमध्ये एक मूळचीच विसंगती असते. घटना एका ठिकाणी, मोजक्या माणसांच्या डोळ्यांदेखत घडते. ती ‘आठवते’ मात्र कोट्यवधींना. ३० जानेवारी १९४८ रोजी, शुक्रवारी, सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास दिल्लीतील बिर्ला भवनाच्या आवारात प्रार्थनासभेकडे निघालेल्या महात्मा गांधींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्या हिरवळीवर जमलेल्यांखेरीज कोणीही ते दृश्य पाहिले नव्हते. तरीही त्या पिढीतील माणसे आयुष्यभर ‘तो दिवस मला लख्ख आठवतो’ असे सांगत आली, आणि ते सांगणे खोटेही नव्हते. त्यांना आठवत होती ती हत्या नव्हे, तर हत्येची बातमी: ती कोणी आणली, त्या वेळी घरात कोण होते, चूल पेटली की नाही, रस्त्यावर कोणती कुजबुज होती. अशा आठवणीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायचे असेल, तर ती नेमकी कशाची साक्ष देते, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

त्या काळी बातमी पोचण्याची रीतच आठवणीला आकार देणारी होती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे आली होती आणि मराठी मुलखात त्यांपैकी एकच, मुंबईचे. पुण्याचे केंद्र सुरू व्हायला १९५३ साल उजाडले. रेडिओ संच साऱ्या देशात मिळून काही लाखांच्या घरात होते, म्हणजे बहुसंख्य खेड्यांत ही बातमी तारेने, स्टेशनावरून, तालुक्याहून परतलेल्या माणसाच्या तोंडून किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून आली. तोंडोतोंडी आलेल्या बातमीबरोबर एक प्रश्न सगळीकडे पोचला: मारणारा कोण? फाळणीच्या कत्तली नुकत्याच होऊन गेलेल्या असल्यामुळे या प्रश्नात पहिली चौकशी धर्माची होती आणि मारेकरी हिंदू असल्याचे त्याच संध्याकाळी जाहीर करण्यामागे नवी दंगल टाळण्याचा हेतू होता. मराठी मुलखात मात्र तेवढ्याने प्रश्न संपला नाही. मारेकऱ्याचे नाव नथुराम गोडसे, तो पुण्याच्या ‘हिंदु राष्ट्र’ या दैनिकाचा संपादक आणि जातीने चित्पावन ब्राह्मण, हे कळताच धर्माच्या जागी जात आली. म्हणून एकाच बातमीच्या दोन आठवणी येथे तयार झाल्या. देशभर जी शोकाची आठवण राहिली, तिला पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांत भीतीची आठवण येऊन मिळाली.

मोठ्या धक्क्याची बातमी ऐकल्याचा क्षण तपशिलांसह मनात ठसतो, या अनुभवाकडे मानसशास्त्राने बरेच आधी लक्ष दिले होते. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची १८६५ मध्ये हत्या झाली. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, १८९९ मध्ये, एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या संशोधकाने १७९ व्यक्तींना ती बातमी कोठे व कशी ऐकली असे विचारले, आणि त्यांपैकी १२७ जणांनी स्थळ, वेळ व सोबतची माणसे यांसह उत्तर दिले. पुढे १९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब स्मृती’ असे नाव दिले. कॅमेऱ्याचा दिवा क्षणभर उजळावा आणि समोरचे सगळे, महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचेही, टिपले जावे, अशी त्यामागची कल्पना होती. त्यांच्या पाहणीतील एक आकडेवारी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी आठवण ४० कृष्णवर्णीयांपैकी ३० जणांना होती, तर ४० श्वेतवर्णीयांपैकी केवळ १३ जणांना. राष्ट्र एक, बातमी एक. पण ती कोणाच्या अंगावर आली आणि कोणाच्या कानावरून गेली, हे आठवणीच्या दाटपणातच उमटले होते.

मात्र ठसठशीत आठवण अचूकही असते, हे गृहीतक पुढच्या संशोधनात टिकले नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ही बातमी कशी कळली याची उत्तरे लिहून घेतली आणि सुमारे अडीच ते तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळपास चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचे नवे उत्तर मूळ उत्तराशी एकाही मुख्य बाबतीत जुळले नाही, तरी त्यांचा आत्मविश्वास ढळलेला नव्हता, आणि स्वतःच्याच हस्ताक्षरातील जुना कागद दाखवल्यावरही मूळची आठवण परत आली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी केलेल्या अभ्यासातही हेच दिसले, की अशी आठवण रोजच्या साध्या आठवणीइतकीच बदलत जाते. फरक एवढाच, की ती बदलली आहे यावर माणसाचा विश्वास बसत नाही. खुद्द नायसर यांना पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी बेसबॉलचा सामना ऐकताना कळल्याचे वर्षानुवर्षे आठवत होते. पण हल्ला झाला डिसेंबरात, आणि डिसेंबरात अमेरिकेत बेसबॉलचे सामने होतच नाहीत. तरीही ही आठवण टिकली ती का, याचे नायसर यांनी दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. अशी आठवण म्हणजे घटनेची नोंद नसून, माणसाचे खाजगी आयुष्य आणि देशाचा इतिहास जेथे एकमेकांना छेदून गेले त्या जागेची खूण असते.

तीस जानेवारीच्या आठवणींना हे सूत्र लावले, की त्यांतील अनेक गोष्टींचा उलगडा होतो. त्या रात्री पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून केलेले भाषण त्यानंतरच्या दशकांत इतक्या वेळा ऐकवले आणि उद्धृत केले गेले, की प्रत्यक्ष ऐकलेले कोणते आणि पुढे ऐकलेले कोणते हे वेगळे काढणे त्या पिढीलाही अवघड व्हावे. सरकारी स्मरणाने तर घटनेची वेळही बदलली. हुतात्मा दिनाचे दोन मिनिटांचे मौन सकाळी अकरा वाजता पाळले जाते, हत्या झाली होती सायंकाळी. शाळेत अकराच्या भोंग्याला उभ्या राहिलेल्या पिढ्यांसाठी तीस जानेवारी ही एक सकाळ आहे. दिवेलागणीच्या सुमारास बातमी ऐकलेल्यांसाठी ती संध्याकाळ होती, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक कुटुंबांसाठी त्या तारखेचा खरा अर्थ पुढच्या चार-आठ दिवसांत उघड झाला.

त्या दिवसांत पुणे-मुंबईपासून दक्षिण महाराष्ट्रातील लहान खेड्यांपर्यंत ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर आणि संस्थांवर हल्ले झाले. मुंबईत विनायक दामोदर सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत गंभीर जखमी झाले; कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. माणदेशातील माडगूळकरांचे घरही त्या आगीत सापडले, आणि लेखक व्यंकटेश माडगूळकरांनी तो सगळा काळ ‘वावटळ’ या कादंबरीचा विषय केला. या जाळपोळीची सर्वमान्य आकडेवारी नाही, चौकशीचे म्हणावे तसे दस्तऐवजही सार्वजनिक चर्चेत आले नाहीत. त्यामुळे तिचा इतिहास प्रामुख्याने घरोघरच्या सांगण्यातच उरला. ‘अठ्ठेचाळीसचे जळीत’ एवढेच दोन शब्द त्या घरांत पुरेसे असत.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडलेली ‘सामूहिक स्मृती’ ही कल्पना येथे उपयोगी पडते. माणूस एकट्याने आठवत नाही. कुटुंब, जात, गाव, पक्ष अशा गटांनी पुरवलेल्या चौकटीत तो आठवतो, आणि गट पांगला की आठवणही विरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जळितानंतर गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या कुटुंबांनी आठवणीची चौकट गावाऐवजी नातेवाइकांच्या बैठकीत उभी केली. त्यामुळे तिच्यात घर, माडी, तुळशीवृंदावन, धान्याचे कणगे हे सारे राहिले, पण गावातली इतर माणसे हळूहळू पुसट झाली. गांधींच्या जाण्याने मनापासून हादरलेला, उपोषणे करणारा, १२ फेब्रुवारीला नदीकाठी रक्षाविसर्जनाला जमलेला बहुजन समाज या आठवणीत सहसा भेटत नाही. उलट बाजूला, त्या समाजाच्या स्मरणात गांधींचा शोक आहे, सावकारी आणि जातीच्या जाचाचा जुना सल आहे, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा वारसा आहे, परंतु ज्यांनी हाताने काडी लावली त्यांची आत्मचरित्रे नाहीत. कल्याणजवळच्या निर्वासित छावणीत, आजच्या उल्हासनगरात, सिंधमधून आलेल्या कुटुंबांना ही बातमी अवघ्या काही महिन्यांपूर्वीच्या स्वतःच्या उद्ध्वस्तपणावर येऊन आदळली, आणि त्यांची आठवण तर मराठी चर्चेत जवळजवळ शिरलेलीच नाही.

आठवणीतील चूक कशी वाचावी, याचा धडा इटलीतील मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी घालून दिला. मौखिक इतिहास म्हणजे सामान्य माणसांच्या तोंडी सांगण्यातून इतिहास रचण्याची पद्धत. तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांच्या गोळीने मरण पावला; परंतु अनेक कामगार हे मरण १९५३ च्या, कारखान्यातील मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात घडल्याचे सांगत. पोर्तेल्लींच्या मते ही विस्मृती नव्हती. कारखान्याने कामगारांना हद्दपार केले हा त्यांच्या आयुष्यातील खरा पराभव होता आणि तरुण सहकाऱ्याचे मरण त्या पराभवाजवळ ठेवल्यावाचून त्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता.

पश्चिम महाराष्ट्रातही असेच काहीसे घडले असावे. ‘जळीत झाले आणि आम्ही गाव सोडले’ हे वाक्य जितके सरळ वाटते तितके ते नाही. मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ चाच. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व अमलात आणणारी त्यातील मोठी दुरुस्ती १९५६ मध्ये झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळे जमिनीची मालक झाली. अनेक कुटुंबांचे गाव एका रात्रीत नव्हे, तर या नऊ-दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सुटले: आधी घर जळाले, मग मुले शिकायला शहरात गेली, मग खंड येईनासा झाला, शेवटी सातबाऱ्यावरचे नाव गेले. सांगताना मात्र हे सगळे आगीच्या एका रात्रीत सामावते, कारण आग हा अन्याय म्हणून सांगता येतो, तर कायद्याने गेलेल्या जमिनीच्या प्रश्नाला दुसरी बाजू असते, आणि ती बाजू ज्याने पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसली त्या कुळाची असते.

प्रत्येक चूक मात्र अशी निरागस नसते. काही आठवणी सोयीच्या असतात. ज्ञानेंद्र पांडे यांनी फाळणीच्या स्मरणाचा अभ्यास करताना दाखवून दिले, की समाज आपल्यातील हिंसेची जबाबदारी नेहमी सीमेबाहेर ढकलतो. मारणारे ‘बाहेरचे’ असतात. ‘जमाव परगावचा होता, आपल्या गावचे कोणी नव्हते’ हे अठ्ठेचाळीसच्या सांगण्यातील ठरलेले वाक्य त्याच जातीचे आहे, आणि ते जाळणाऱ्यांइतकेच जळालेल्यांच्याही तोंडी असते. कारण त्यानंतर त्याच गावात जत्रेला यायचे होते, त्याच शेजाऱ्याच्या हातचे पाणी प्यायचे होते. दुसरे उदाहरण पेढ्यांचे. गांधीहत्येनंतर आनंद व्यक्त झाला आणि मिठाई वाटली गेली, असा उल्लेख सरदार पटेलांनी सप्टेंबर १९४८ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मा. स. गोळवलकर यांना लिहिलेल्या पत्रात आहे, तेव्हा ही गोष्ट केवळ कंड्या म्हणून झटकता येत नाही. पण ‘पेढे वाटले म्हणून घरे जळाली’ हे कारण जेव्हा पेढ्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या घरांनाही लावले जाते, तेव्हा ती आठवण पुरावा राहत नाही, समर्थन होते. याच न्यायाने जळिताची वेदना सांगता सांगता हत्येचे गांभीर्य कमी करणारी आठवणही समर्थनच होय.

आठवण पुराव्याच्या कसोटीवर कशी उतरते, याचे एक ठळक उदाहरण पुण्यातच आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये, गांधीहत्येच्या खटल्यातील शिक्षा भोगून सुटलेले नथुरामचे बंधू गोपाळ गोडसे आदींच्या स्वागतासाठी झालेल्या समारंभात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी, नथुरामने त्याचा बेत आपल्याला आधीच सांगितला होता, असे उघडपणे सांगितले. सोळा वर्षांपूर्वीच्या एका खाजगी संभाषणाची ही आठवण होती. पण तिचे पडसाद संसदेत उमटले, चौकशी आयोग नेमला गेला, आणि न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी शंभरावर साक्षीदार तपासून १९६९ मध्ये अहवाल दिला. आयोगाने साक्षी तार, पत्र, पोलीस दप्तर यांच्याशी ताडून पाहिल्या. आठवण बोलली म्हणून दप्तर उघडले गेले, आणि दप्तर उघडले म्हणून आठवणीला वजन आले. या दोहोंपैकी एकच असते, तर काहीच निष्पन्न झाले नसते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की राष्ट्रीय शोकांतिकेच्या वैयक्तिक आठवणी काय घडले हे फारसे विश्वासाने सांगत नाहीत, पण घडले त्याच्याशी सांगणारा कोणत्या नात्याने बांधला होता, हे दुसऱ्या कोणत्याही साधनापेक्षा स्पष्ट सांगतात. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीकडे झुकली आहेत. त्यांचे सांगणे नोंदवताना स्वतः पाहिलेले, त्याच वेळी ऐकलेले आणि पुढे घरात सांगितले गेलेले असे तीन कप्पे वेगळे ठेवले, तारखा कागदांशी ताडल्या, आणि एकाच गावातील वाडा, वस्ती व मळा या तिन्ही ठिकाणची सांगणी शेजारी शेजारी छापली, तर त्यांच्यात एकवाक्यता होणार नाही हे उघड आहे. ती व्हावी असा आग्रहही नको. ज्या शोकाला राष्ट्रीय म्हणावयाचे, त्यात या न जुळणाऱ्या सांगण्यांना जागा नसेल, तर तो शोक कोणत्या तरी एका गटाचा राहतो, आणि राष्ट्राच्या वाट्याला फक्त सकाळी अकराचा भोंगा येतो.