कोठीचें दार आणि अंगणांतील प्रार्थना

सावलीकडील एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस पत्रानें एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या मंडळींत अवघीं सात घरें. दिवेलागणीनंतर सर्वजण एका अंगणांत जमून प्रार्थना करितात. त्यांपैकीं एक गृहस्थ कांहीं महिन्यांपासून येईनासे झाले. विचारिलें तर ते शास्त्र पुढें करितात: प्रभूनें दार लावून एकांतांत प्रार्थना करावयास सांगितलें आहे, चारचौघांत नव्हे, मी घरीं प्रार्थना करितों, मग अंगणांत येण्याचें कारण काय? ह्यास काय उत्तर द्यावें, असें बंधु विचारितात.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, त्या गृहस्थांनीं वचन कोठून ओढून आणिलेलें नाहीं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत तें आहे, आणि तें कोणास उद्देशून आहे हेंही तेथेंच आहे. लोकांनीं पाहावें म्हणून सभास्थानांत आणि चवाठ्यावर उभे राहून जे प्रार्थना करीत, त्यांच्या ढोंगाविषयीं प्रभु बोलत होता. 'खोली' ह्या अर्थीं तेथें जो मूळ ग्रीक शब्द आहे तो कोठीघरासही लावीत. गालीलांतील गरीब शेतकऱ्याच्या घरीं निजण्याबसण्यास बहुधा एकच खण असे. दाणे ठेवण्याची आंतली जागा तेवढी लोकांच्या डोळ्यांआड. आमच्या वाचकांस हें समजावून सांगावयास नको. घरांत धानाची ढोली जेथें असते त्या काळोख्या बाजूस पाहुणा जात नाहीं. मनुष्यांच्या नजरेपासून दूर अशी ती जागा प्रभूनें सांगितली.

पण त्याच अध्यायांत थोडें पुढें त्यानें जी प्रार्थना शिकविली तिच्यांत 'मी' आणि 'माझें' हे शब्द एकदांही येत नाहींत. बाप आमचा, भाकर आम्हांस, क्षमा आम्हांस. कोठीचें दार लाविल्यावरही शेजारी बाहेर राहत नाहीं! त्या गृहस्थांनीं घरीं हीच प्रार्थना केली, तर ज्यांच्याजवळ ते बसावयास तयार नाहींत त्यांच्यासाठींही ते रोज भाकर मागत आहेत. प्रभु स्वतः डोंगरावर एकटाच प्रार्थनेस जाई; तरी गेथशेमानेच्या रात्रीं त्यानें तिघांस बरोबर नेलें आणि जागे राहा म्हणून विनविलें. ते झोंपले, ही गोष्ट निराळी. पेत्र तुरुंगांत असतां मरीयेच्या घरीं पुष्कळ लोक जमून प्रार्थना करीत होते, हें प्रेषितांच्या कृत्यांत सर्वांनीं वाचिलें आहे.

एकांत आणि समुदाय हीं दोन्हीं एकाच वेळीं साधावयाचीं कशीं, ह्याचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें आहे. पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनांत, सन १९०५ च्या जानेवारींत बाईंनीं मुलींस व स्त्रियांस विचारिलें कीं, आत्मिक जागृतीसाठीं रोज माझ्याबरोबर प्रार्थनेस कोण बसेल? सुमारें ७० जणी पुढें आल्या. जूनमध्यें जागृतीस आरंभ झाला तेव्हां ही संख्या ५५० झाली होती, आणि त्या दिवसांतून दोनदां जमत. पुढें तेथें सर्वजणी एकदम मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. बाहेरून आलेल्या कित्येकांस तो नुसता गोंगाट वाटला, आणि आम्हीं तेथें असतों तर कदाचित् आम्हांसही वाटला असता. पण थोडा विचार करावा. शेंकडों जणी एकाच वेळीं बोलत असतां कोणाचा शब्द कोणास वेगळा ऐकूं येत नाहीं. दुष्काळांतून आलेली अनाथ मुलगी, घरांतून हांकलून दिलेली विधवा, प्रत्येकीस आपलें दुःख आपल्याच शब्दांत देवापुढें मांडतां आलें, आणि तें शेजारणीच्या कानीं पडून दुसऱ्या दिवशीं विहिरीवर गेलें नाहीं. त्या गर्दींत प्रत्येकीस आपापली कोठी मिळाली होती.

आतां बंधूंच्या पत्राच्या शेवटच्या ओळींकडे येऊं. आमच्या मतें प्रश्नाचें मूळ तेथें आहे. त्यांनीं सहज लिहिलें आहे कीं, हे गृहस्थ येईनासे झाले त्याच्या आदल्याच आठवड्यांत अंगणांत एका भावानें अशी प्रार्थना केली कीं, आमच्यांतील जो कोणी दुसऱ्याचा धुरा कोरतो त्यास प्रभूनें सुबुद्धि द्यावी. नांव घेतलें नाहीं. सात घरांच्या मंडळींत नांव घेण्याची गरजच काय?

बंधुहो, ही प्रार्थना नव्हे. पंचांपुढें फिर्याद केली तर प्रतिवादीस बोलतां येतें; येथें सर्वांचे डोळे मिटलेले, आणि उत्तर द्यावें तर देवाच्या समक्ष भांडण केल्याचा दोष. ज्याच्यावर हा मार बसला त्यानें उठून कोठीचें दार लाविलें, तर आम्हीं त्यास आळशी किंवा हट्टी म्हणणार नाहीं. धुरा खरोखर कोणी कोरला हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि येथें त्याचें कामही नाहीं.

ह्या संबंधांत सावलीच्याच लोकांस एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. सन १९३६ च्या फेब्रुवारीअखेर व मार्चच्या आरंभीं गांधी सेवा संघाची बैठक सावलीस भरली होती व महात्मा गांधी तेथें होते. त्यांच्या आश्रमांत सकाळसायंकाळ सर्वांनीं मिळून प्रार्थना करण्याचा नियम होता. ते आपल्या मंडळीचे नव्हते. तरी सामुदायिक प्रार्थना त्यांनीं किती जपली हें पाहण्यासारखें आहे. १९४७ च्या एप्रिलमध्यें दिल्लीस त्यांच्या सायंप्रार्थनेंत कुराणांतील भाग म्हणण्यास कोणी हरकत घेतली, तेव्हां बहुतेक सर्व समुदाय त्यांच्या बाजूचा असतांही त्यांनीं त्या सायंकाळीं प्रार्थना थांबविली. असें लागोपाठ कांहीं दिवस झालें. हरकत घेणारास दटावून प्रार्थना पुरी करणें त्यांस सहज शक्य होतें. आपण मात्र एका भावास उठवून लाविलें, आणि प्रार्थना रोज चालूच आहे.

तर उपदेशक बंधूंनीं काय करावें? त्या गृहस्थांकडे वचनांचा वाद घेऊन जाऊं नये. आधीं ज्यानें ती प्रार्थना केली त्याच्याकडे जावें. भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें तर अर्पण वेदीपुढें ठेवून आधीं समेटास जावें, हें प्रभूनें त्याच डोंगरावर सांगितलें आहे. दोघांनीं धुऱ्यावर उभें राहून, डोळे उघडे ठेवून बोलावें. आणि उपदेशकांनीं स्वतःसही एक प्रश्न विचारावा. आम्हीं तो आम्हांसही विचारितों. अंगणांत सर्वांत अधिक आपणच बोलतों. मोहाच्या दिवसांत माणसें पहाटेच रानांत वेंचणीस जातात, रोवणीच्या दिवसांत चिखलांतून येऊन जेवतांजेवतां झोंपतात, आणि अंगण रिकामें राहतें. त्या दिवसांत, ऐकणारें कोणी नसतां, आपण किती वेळ प्रार्थना करितों?

बंधूंस आम्हीं निराळें उत्तर पाठविलें आहे. त्यांत एवढेंच अधिक लिहिलें आहे कीं, ते गृहस्थ पुन्हां येतील त्या पहिल्या सायंकाळीं त्यांस प्रार्थना करावयास सांगूं नये, त्यांच्यासाठीं मोठ्यानें प्रार्थनाही करूं नये. चटईवर जागा करून द्यावी.