मुसैका यांची फिर्याद

सूरह अन्-नूरची ३३वी आयत आपण वाचली असेल. ऐहिक लाभासाठी दासींना देहविक्रयास भाग पाडू नये, अशी आज्ञा तिच्या उत्तरार्धात आहे. तिच्यामागची घटना सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. मदीनेतील दांभिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबई आपल्या दासींकडून हा धंदा करवून घेत असे. मुसैका आणि उमैमा या दोघींनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे फिर्याद नेली. एकीकडे शहरातील वजनदार सरदार, दुसरीकडे त्याच्या मालकीच्या दोन स्त्रिया. आणि आयत अवतरली ती त्या स्त्रियांच्या बाजूने! ज्यांच्यावर बळजबरी झाली, त्यांच्यासाठी अल्लाह क्षमाशील व दयावंत आहे, हे आश्वासन आयतीच्या अखेरीस आहे. पीडितेला दूषणे देताना आपण नेमके तेच विसरतो.

गिरगावातील खोताच्या वाडीतून, तिथल्या लाकडी सज्जांच्या जुन्या घरांमधून निघून उत्तरेकडे चालू लागल्यास अर्ध्या तासाच्या आत कामाठीपुरा येतो. दक्षिणेला उच्च न्यायालयही फार दूर नाही. १९९६च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर छापे पडले व चारशेहून अधिक मुली सोडवण्यात आल्या. त्यांतील अनेक नेपाळच्या होत्या. चारीमाया तामांग त्यांपैकीच. सोळाव्या वर्षी त्यांना विकण्यात आले. बावीस महिने त्या कोंडून होत्या. मायदेशी परतल्यावर त्यांच्या वाट्याला अवहेलनाच आली. तरीही आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध त्यांनी स्वतः पोलिसांत तक्रार नोंदवली आणि १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. पुढे अशाच मुलींनी मिळून उभारलेल्या 'शक्ती समूह' संस्थेला २०१३ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

या भगिनी आपल्या समाजातील नाहीत, असे कोणी म्हणेल. सहीह बुखारीतील हदीसनुसार, स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल. विकल्या गेलेल्याचा धर्म तिथे विचारलेला नाही.

'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले की, कुंटणखान्यातून सोडवलेल्या अल्पवयीन मुलीला आरोपी समजू नये, तिला बालकल्याण समितीपुढे न्यावे आणि कुंटणखाना चालवणाऱ्यांच्या वकिलाने तिच्या वतीने उभे राहू नये. ही शेवटची अट का घालावी लागली असेल, याचा विचार करावा.

कायदा असूनही खटला कोसळतो, तो बहुधा साक्षीपाशी. विकणारा पुष्कळदा परका नसतोच. नोकरीचे आमिष दाखवणारी ओळखीची बाई असते, लग्नाचा पैगाम आणणारा नातलग असतो. मग घरातील वडीलधारी मंडळी अब्रूचे नाव पुढे करतात, चार पैसे घेऊन मिटवा म्हणतात. साक्ष फिरवण्यासाठी घेतलेला पैसा म्हणजे त्याच मुलीची दुसऱ्यांदा केलेली विक्री होय. सूरह अन्-निसाची १३५वी आयत तर मातापित्यांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध जाणारी साक्षही न्यायासाठी द्यावयास सांगते, आणि साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण अपराधी असल्याचे सूरह अल्-बकराने बजावले आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अशा पीडितेला मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. परंतु न्यायालयाच्या बाकावर तिच्या शेजारी बसायला वकील पुरत नाही. तिथे एखादी खाला, चाची किंवा शेजारीण लागते. तारीख पुढे ढकलली गेली, तर पुढच्या तारखेलाही तिनेच जायचे असते.