विकलेल्या वस्तूचा धनी कोण?

एखादी वस्तू दाम मोजून घरी आणली म्हणजे ती आपली झाली, असे आपण समजतो. घागर, कंदील, सायकल, शिलाईचे यंत्र यांच्याबाबतीत ही समजूत खरीच होती. परंतु आज घरात जी नवी उपकरणे येत आहेत, त्यांच्याविषयी ती तितक्याच निःशंकपणे बाळगता येईल काय? हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, तो नीतीचाही आहे.

वाशिम, रिसोड, कारंजा यांसारख्या गावांतही आता हे चित्र नवलाचे राहिलेले नाही. पुण्याला नोकरीस असलेला मुलगा दिवाळीला येताना मोबाइलवरून लागणारा दिवा आणतो. पुढल्या खेपेस दारावर कॅमेरा बसतो, मग रिमोटचा पंखा येतो. विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर आधीच लागलेला असतो. प्रत्येक वस्तू निराळ्या कंपनीची, प्रत्येकीचे ॲप निराळे, पासवर्ड निराळा. दिव्याला कॅमेऱ्याची भाषा कळत नाही, कॅमेऱ्याला पंख्याची. मुलगा परत गेला की हा सारा संसार सांभाळण्याचे काम चष्मा शोधत बसणाऱ्या वडिलांकडे येते.

आपल्या जिल्ह्याला ही अडचण अपरिचित नाही. कारंज्याहून कापूस वाहणारी शकुंतला रेल्वे अडीच फुटी अरुंद रुळांवरून चाले. मूर्तिजापूरला मुंबईचा रूळ मात्र साडेपाच फुटी. त्यामुळे गाठी तेथे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणे भाग असे. वाशिम स्थानकावरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग तिसऱ्याच मापाचा, मीटरगेज होता. रेल्वेने 1992 साली शक्य तेथे एकच माप करण्याचे धोरण हाती घेतले आणि पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अरुंद रूळ टाकणे स्वस्त पडे आणि त्याचा अरुंदपणा कोणाही शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसत असे. त्यात लपवाछपवी नव्हती.

दिव्याच्या खोक्यावर मात्र त्याच्या रुळाचे माप दिसत नाही. येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात, विकणाऱ्याने मालातील दोष सांगावयास हवा काय, याचा विचार केला आहे. दोष उघड दिसत असेल तर तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. परंतु तो लपलेला असून त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. तेराव्या शतकातला हा विचार आजच्या दुकानाच्या फळीवरही लागू पडतो. जे उपकरण दूरच्या सर्व्हरवाचून चालत नाही, इतरांशी जुळत नाही, आणि कंपनीने पाठ फिरवताच निकामी होते, त्यात दडलेला दोष आहे, असेच आम्ही म्हणू.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे एक यंत्र विकले जाई. निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकत्र जोडणे हेच त्याचे काम होते, आणि आयुष्यभराच्या सेवेचे आश्वासनही सोबत होते. 2014 साली गूगलच्या नेस्ट कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला आणि 2016 च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातले यंत्र घरातच राहिले, पण त्याचा प्राण गेला. मग त्याचा धनी कोण होता?

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. बुद्धी आणि भांडवल खर्चून केलेले संशोधन त्यांनी फुकट का वाटावे? शिवाय सर्वांना एका साच्यात बसवले तर नवे काही निर्माण कसे होईल? या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु रुळाचे माप एक झाल्याने सारी इंजिने एकसारखी होत नाहीत. इंजिनाचे गुपित कारखानदाराने खुशाल राखावे. रूळ मात्र सर्वांचा असावा. 2019 च्या डिसेंबरात ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिग्बी अलायन्स यांनी असा सामाईक रूळ बनविण्याचे जाहीर केले, आणि 2022 च्या ऑक्टोबरात ‘मॅटर’ या नावाने त्याची पहिली आवृत्ती आली. मॅटरची उपकरणे निरनिराळ्या कंपन्यांची असली तरी घरच्या घरी एकमेकांशी बोलू शकतात. अर्थात पहिल्या आवृत्तीत कॅमेऱ्यांचा समावेश नव्हता, आणि जुन्या सर्वच वस्तू त्यात सामावत नाहीत. तरीही एकमेकांचे प्रतिस्पर्धी एका मापावर येऊ शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

येथे आणखी एक तत्त्व उपयोगी पडते. पोप पायस अकरावे यांनी 1931 सालच्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात म्हटले, की जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेणे अन्यायाचे आहे. ते समाजरचनेविषयी बोलत होते, परंतु कुटुंब हाही एक लहान समूहच आहे. माजघरातला दिवा लावण्याची आज्ञा परदेशी सर्व्हरला वळसा घालून का यावी? इंटरनेट बंद पडले म्हणून आजीने अंधारात का बसावे? घरचा निर्णय घरातच होऊ शकत असेल, तर तो तेथेच झाला पाहिजे.

म्हणून आम्हांस वाटते, की कर्तव्य सर्वांकडेच आहे. उत्पादकाने खोक्यावर स्पष्ट लिहावे: हे कशाशी जुळते, इंटरनेटवाचून काय चालते, आणि सेवा किती वर्षे मिळेल. दुकानदाराने ते न विचारता सांगावे. घेणाऱ्याने संकोच न करता विचारावे. आणि प्रेमाने वस्तू आणणाऱ्या मुलाने भिंतीवरचे साधे बटण चालू ठेवावे, पासवर्ड वहीत लिहून द्यावेत आणि आईवडिलांना जमेल तेवढेच जोडावे. ज्या घरात म्हातारी माणसे कोणाला फोन न करता दिवा लावू शकतात, त्या घराची ती खरोखर मालक आहेत.