विजेचे भय आणि आपली श्रद्धा



बंदीमुळे ३१ जुलैपर्यंत आपल्या बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या आहेत. ऑगस्टमध्ये त्या निघतील, आणि पुढे परतीच्या पावसात विजांचा जोर वाढेल. उघड्या समुद्रात सर्वांत उंच असते ती आपल्याच बोटीची काठी.

‘देव राखील, फादर,’ असे काही जण म्हणतात. सैतानाने मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले, तेव्हा प्रभू येशूने ती टाकली नाही. पित्याची परीक्षा पाहणे ही श्रद्धा नव्हे. १७५४ साली मोराविया प्रांतात प्रोकोप दिविश या धर्मगुरूने वीज जमिनीत उतरवण्यासाठी खांब उभारला. पुढे गावकऱ्यांनी दुष्काळाचे खापर त्या खांबावरच फोडले!

काठीच्या टोकापासून तांब्याची जाड पट्टी सरळ खाली, पाण्यात बुडालेल्या निदान एक चौरस फूट धातूच्या पत्र्याला जोडावी. वीज यामुळे टळत नाही, तिला वाट मिळते. वाट नसेल तर ती फळ्या फोडून, माणसांतून जाते. गडगडाट ऐकताच खलाशांनी केबिनमध्ये बसावे, काठी, तारा व वायरलेसला हात लावू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. कोणी पडलाच, तर त्याला शिवायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबा, तोंडाने श्वास द्या.

नाखवांनो, तुमचे खलाशी दूर गावचे आहेत. त्यांच्या आयांनी त्यांना तुमच्या भरवशावर पाठवले आहे. बोटींना आशीर्वाद द्यायला मी पवित्र पाणी घेऊन येईन, तेव्हा आधी काठीकडे पाहीन.

– आपले फादर