गोळी घेणाऱ्याचे कोण ऐकणार?



मधुमेहाची गोळी माणूस चारचौघांत जेवणाच्या ताटाशेजारी ठेवतो. मनाच्या आजाराची गोळी मात्र कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असते. घरभेटीला गेलो की अशा घरातली माणसे आम्हाला निरोप देताना दाराशी हळूच सांगतात, “फादर, तो गोळ्या घेत नाही. तुम्ही जरा समजावा.” ज्याने गोळ्या घ्यायच्या असतात तो आतल्या खोलीत असतो. त्याचे म्हणणे काय आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आपण त्याच्या म्हणण्याचा विचार करू.

आधी औषधाविषयी थोडेसे. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले. वर्षानुवर्षे कोंडून पडलेली माणसे शांत झाली, बोलू लागली, काही घरी परतली. १९५८ साली बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल तयार झाले. नंतर नवी औषधे आली, तरी हॅलोपेरिडॉल आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते स्वस्त आहे आणि गुणकारीही आहे. कानात येणारे आवाज, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे हा संशय, या गोष्टी अशा औषधांनी कमी होतात. जुनी औषधे म्हणजे विष, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

पण त्यांची किंमतही आहे. ही औषधे मेंदूतील डोपामाइन या रसायनाचे काम रोखतात. भास आणि भ्रमांशी ज्याचा संबंध आहे तेच रसायन शरीराच्या हालचालीही सांभाळते. म्हणून घेणाऱ्याचे हात थरथरतात, चेहरा दगडासारखा होतो. कधी मान किंवा जबडा एकाएकी आखडतो. तोंड कोरडे पडते, उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बायकांची मासिक पाळी थांबते आणि त्या लाजेने कोणाला सांगत नाहीत. वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर काहींची जीभ आणि ओठ आपोआप हलू लागतात. ते औषध थांबवूनही नेहमी जातेच असे नाही. सर्वांत अवघड म्हणजे आतली तगमग. बसवत नाही, उभे राहवत नाही, पाय स्वस्थ राहत नाहीत. घरचे म्हणतात, आजार वाढला. प्रत्यक्षात तो कधी कधी औषधाचाच परिणाम असतो, आणि तो ओळखला नाही तर डोस आणखी वाढवला जातो.

एलिन सॅक्स या अमेरिकन बाईंनी स्वतःचा अनुभव २००७ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवला. त्या ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकल्या, पुढे कायद्याच्या प्राध्यापिका झाल्या, आणि त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. थायोथिक्झिन हे जुन्या पिढीतले औषध त्यांनी अनेक वर्षे घेतले. जीभ-ओठांच्या त्या कायमच्या हालचालींची त्यांना भीती वाटे. शिवाय गोळी लागते म्हणजे आपण खरोखरच आजारी आहोत, हे मान्य करणे त्यांना जड जाई. म्हणून त्या पुन्हा पुन्हा डोस कमी करून पाहत आणि पुन्हा पुन्हा आजाराच्या गर्तेत जात. अखेरीस त्यांनी औषध स्वीकारले, तेही नव्या पिढीतले. पण हातपाय बांधून जबरदस्तीने उपचार करण्याला त्यांचा विरोध कायम राहिला. औषधाची गरज आणि रुग्णाचा मान, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या. आपल्यालाही तेच करायचे आहे.

येथे कोणी विचारील, ज्याचे मनच ठिकाणावर नाही त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतात, असे एखादा म्हणतो तेव्हा तो जगाविषयी बोलतो आणि चुकू शकतो. माझे पाय स्वस्थ राहत नाहीत, असे तोच माणूस म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या देहाविषयी बोलतो, आणि तिथे त्याच्याएवढा जवळचा साक्षीदार दुसरा नाही. एका बाबतीत चुकलेला माणूस सर्वच बाबतींत चुकलेला नसतो. तसे असते तर आपल्यापैकी कोणाचीच साक्ष चालली नसती.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळू. कित्येक घरांत औषध चहात, डाळीत, भाजीत मिसळून दिले जाते. रंग-वास-चव नसलेले थेंब मिळतात, त्यामुळे कळतही नाही. हे करणारी आई दुष्ट नसते; ती थकलेली असते, घाबरलेली असते. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. तरीही एक विचार करावा. ज्या माणसाचा आजारच असा, की कोणीतरी माझ्या जेवणात काहीतरी घालते असे त्याला वाटते, त्याच्या जेवणात आपण खरोखरच काहीतरी घालतो. त्याचा खोटा संशय आपण खरा करतो. हे त्याला कळेल त्या दिवशी तो औषधही सोडील आणि आईच्या हातचे अन्नही. शिवाय त्याची तगमग वाढली, मान आखडली, तर ते कशाने झाले हे त्याला सांगताच येणार नाही. साक्षीदाराचे तोंडच आपण बंद केलेले असते.

जिवावरचा प्रसंग असेल, तो स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी वेळ असेल, तर थांबून चर्चा करता येत नाही. तेव्हा त्याला डॉक्टरांच्या हाती सोपवावे आणि तो शुद्धीवर आल्यावर काय केले व का केले, ते त्याला खरेखरे सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही एक चांगली वाट दाखवली आहे. पुढे आजार बळावला तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, हे माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमू शकतो. अशा शांत दिवसांतच ही बोलणी करावीत.

तेव्हा बंधुभगिनींनो, घरात असे कोणी असेल तर रोज एक प्रश्न विचारा: “गोळी घेतल्यावर तुला कसे वाटते?” ‘घेतलीस का?’ हा प्रश्न त्यानंतर विचारा. तो जे सांगेल ते तारीख घालून वहीत लिहा आणि ती वही घेऊन त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते, थरथर आणि तगमग यांवर वेगळी गोळी देता येते. मात्र कोणीही मनाने औषध एकदम बंद करू नये. प्रार्थनेने बरे वाटले म्हणून गोळ्या फेकून देणे ही श्रद्धेची खूण नव्हे. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी.

आणि कपाटातली ती गोळ्यांची पट्टी जेवणाच्या टेबलावर, मधुमेहाच्या गोळीशेजारी येऊ द्या.