खेळाचा धनी आणि खेळाचा कर्ता

वस्तु ज्याच्या हातची, तिच्यावर त्याचें नांव असावें कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर उभा असलेला कारागीर दिवसभर बुश आणि पिना कातीत असतो. तो माल पुढें एखाद्या मोटारींत जाऊन बसतो, आणि मोटारीवर नांव झळकतें तें कंपनीचें. याची खंत कोणी करीत नाहीं. बुशांत त्याचें कसब असलें तरी मन उतरलेलें नसतें, असें आपण धरून चालतों. (हें धरून चालणें कितपत खरें, हा विषय निराळा.) पण जींत कल्पना आहे, विनोद आहे, मुलांस तासन् तास खिळवून ठेवण्याची युक्ति आहे, अशा कृतीच्या कर्त्यासहि हाच न्याय लावावा काय?

आम्हांस हा प्रश्न सुचला तो जुन्या व्हिडिओ-खेळांवरून. लंडनमध्यें स्टीव्ह कॉटम यांनीं स्थापिलेली अँटस्ट्रीम ही कंपनी 2019 पासून असे खेळ घरोघर पोंचवीत आहे. तिच्या यादींत तेराशेंहून अधिक खेळ आहेत. खेळ चालतो दूरच्या संगणकावर; आपल्या पडद्यावर येतें तें त्याचें चित्र, आणि आपण दाबलेल्या कळीची वार्ता तिकडे जाते. ही ये-जा निमिषांत न झाली तर उडी मारणारा नायक खड्ड्यांत पडलाच म्हणून समजावें! तरी या मंडळींचें कष्टाचें काम हें नव्हे. खेळाचा धनी कोण, हें शोधून त्याची परवानगी मिळविणें हें खरें काम. चाळीस वर्षांपूर्वींच्या कित्येक कंपन्या बुडाल्या, कित्येक विकल्या गेल्या, आणि हक्क या हातांतून त्या हातांत फिरत राहिले. अमेरिकेंत 2010 पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं सुमारें 87 टक्के आज बाजारांत मिळत नाहींत, असें तेथील एका इतिहास-संस्थेनें 2023 सालीं दाखविलें.

धनी सांपडला, त्याचें देणें दिलें, कायदा संतुष्ट झाला. पण कर्ता? अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकारांचीं नांवें घालीत नसे. त्यावरून आणि मोबदल्यावरून बिनसून तिच्या चार रचनाकारांनीं 1979 सालीं ॲक्टिव्हिजनच्या स्थापनेंत भाग घेतला. वॉरन रॉबिनेट यानें निराळाच मार्ग पत्करला. आपल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळांत त्यानें एक गुप्त खोली रचून तींत आपलें नांव लिहिलें. तिची किल्ली म्हणजे डोळ्यांस जेमतेम दिसणारा एक ठिपका. कंपनीस याचा पत्ता लागला तो एका खेळणाऱ्या मुलाच्या पत्रानें!

यावर कोणी म्हणेल, पगार घेतला, मग ऋण कसलें? आम्हांस हें पटत नाहीं. पगार श्रमाचा फिटतो. जो आनंद पुढें चाळीस वर्षें लोक घेत राहतात, त्याची फेड पगारानें होत नाहीं. शिवाय आज जी कंपनी भाडें घेऊन हा आनंद देते, ती स्वतः कांहीं निर्मीत नाहीं, ती वांचविते. वांचविणें हें लहान काम नव्हे. पुण्यांत 1964 सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, तेथें पी. के. नायर यांनीं खटपट केली नसती, तर दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांचे आज उरलेले तुकडेहि आपल्या दृष्टीस पडते ना. परंतु तेथेंहि पाहा: फिल्मला भोकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत राबलेल्या सरस्वतीबाईंचें नांव दादासाहेबांच्या नांवाइतकें सहज आपल्या ओठीं येत नाहीं.

नायर सरकारी संस्थेचे सेवक होते. कंपनीस नफा पाहावा लागतो, आणि करार संपला कीं खेळ यादींतून जातो. नफा पाहणें आम्ही दोष मानीत नाहीं. मात्र वांचविणारानें केवळ धन्याशीं हिशेब मिटवून थांबूं नये, एवढेंच आमचें म्हणणें. खेळ सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर दोन ओळी येण्यास कितीसा वेळ लागतो? त्या दोन ओळींसाठीं जुन्या मंडळींस शोधून काढावें लागेल, आणि तीं आतां वृद्ध होत चाललीं आहेत.