सोपविण्याचा धर्म

देवाचे दागिने एका सेवेकऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविताना नग मोजून घ्यावेत, हे आम्हां सर्वांस मान्य आहे. १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलमही सांगते की, परक्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने तो शहाण्या माणसाने स्वतःचा जपावा तसाच जपावा. मग जिवंत रोगी एका इस्पितळातून दुसऱ्यात जाताना घाईत लिहिलेली चिठ्ठी पुरेशी कशी? कोणते औषध बंद केले, कोणत्या तपासणीचा निकाल यावयाचा आहे, हे पुष्कळदा तीत नसतेच. ऐकणाऱ्याने ऐकलेले पुन्हा म्हणून दाखवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सुचविले. आमच्या मते हा शिष्टाचार नव्हे, नीती आहे. सांगणाऱ्याचे कर्तव्य बोलून संपत नाही. ऐकणाऱ्यास उमगल्यावरच संपते. तोवर रोग्याचा भार दोघांवरही आहे.